मोकळी जागा

दामू तांडेलाला कुणी काही विचारलं की तो खरं तेच सांगायचा. आता तुम्ही म्हणाल, यात वाईट ते काय? काही नाही. पण या माणसाच्या वाट्याला जे काही आलं ना, ते या एका खोडीपायी आलं. थोडा थापाड्या असता तर सुखात राहिला असता.

मोरखार त्याचं गाव. नवापूरच्या अलीकडे, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला वाडवळांच्या केळीच्या नि पानवेलींच्या वाड्या. किनाऱ्यावर मासेमार मांगेल्यांची साठ घरं, दामू त्यांतलाच. तरुणपणी होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या होता. एकदा जाळ्याचा दोर डाव्या हाताला वेढला आणि तीन बोटं घेऊन गेला, तेव्हापासून त्याचा दर्या सुटला. मग ओटीवर बसून दुसऱ्यांची जाळी शिवायची, एवढंच उरलं. बासष्ट साली पंचायतीची निवडणूक लागली तेव्हा किनाऱ्यानं त्याला उभा केला. का, तर तो चौथीपर्यंत शिकलेला आणि सही करायचा. सही तरी कशी! 'मू'चा उकार पार कागदाच्या तळापर्यंत झोकत न्यायचा. 'आमचा मेंबर सही करतो', असं बायका बोयसरच्या बाजारात टोपली उतरवता उतरवता सांगायच्या.

घरात बायको नव्हती. मंदा दोन वर्षांची असतानाच ती गेली. दामूची थोरली बहीण मैनाबाई, तीही विधवा, तिनं मंदाला वाढवलं. ही मैनाबाई म्हणजे किनाऱ्यावरचा दरारा. आवाज असा की होडीवरच्या माणसाला किनाऱ्यावरून हाक ऐकू जावी. दामू तिला 'मोठी बाय' म्हणायचा आणि पन्नाशीतही तिच्यासमोर विडी ओढायचा नाही.

गावाच्या उत्तरेला, वाळूला लागून, दहा-बारा एकरांचं सपाट मैदान होतं. नारळी पुनव होऊन पाऊस सरला की तिथं बांबूच्या वलांड्या उभ्या राहायच्या. म्हणजे दोन बाजूंना वासे आणि त्यांना एकावर एक आडवे बांबू. त्या बांबूंवर बोंबील टांगायचे, दोन-दोन, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. होडी लागली की तासा-दोन तासांत सगळा माल वर चढलाच पाहिजे, नाहीतर संध्याकाळपर्यंत त्याचं पाणी होतं. साठ घरांचं पोट त्या बांबूंवर लटकलेलं असायचं. बाहेरचा माणूस नाकाला रुमाल लावून जायचा. किनाऱ्यावरच्या पोरांना मात्र त्या वासानंच झोप लागायची.

वैशाख सरत आला की वलांड्या उतरवायच्या. बांबू बांधून छपराखाली ठेवायचे. त्या दिवशी मैनाबाई मैदानाच्या मधोमध जाऊन वाळूला हळदकुंकू वाहायची, नारळ फोडायची आणि म्हणायची, "मोकळी झालीस गं बाय. नीज आता. नारळी पुनवेनंतर उठवू." तिच्या सासूनं असंच म्हटलेलं, सासूच्या सासूनंही. पावसाचे चार महिने ती जागा मोकळी. तिथं कुणी खुंटी ठोकायची नाही. निजलेल्या बाईच्या अंगावर कुणी पाय देतं का?

तर पासष्टच्या आषाढात, पाऊस जरा उघडला असताना, एक साहेब आले. सोबत तलाठी आणि मोजणीची साखळी ओढणारी दोन माणसं. तारापूरच्या बाजूला वीजकेंद्राचं मोठं बांधकाम सुरू झालं होतं, देशभरची माणसं तिथं कामाला लागली होती. त्यांच्या घरांसाठी जागा बघणं चाललेलं. तलाठ्यानं निरोप धाडला, पंचनाम्यावर मेंबरची सही लागेल. दामूनं धुतलेला सदरा चढवला आणि गेला.

साहेबांनी छत्रीखालून मैदानावर नजर फिरवली. हिरवं गवत उगवलेलं, दूरवर एक बगळा. विचारलं, "काय हो मेंबर, ही जागा कशी आहे?"

"मोकळी हाय, साहेब."

"पूर्ण मोकळी?"

"पूर्ण. बायकांनी वैशाखातच मोकळी केली. नारळ फोडला."

साहेबांनी मान डोलावली. खेड्यातली माणसं नारळ फोडतच असतात. त्यांनी लिहिलं: 'जागा पूर्णपणे मोकळी. कोणाचाही वापर नाही.' दामूनं ते वाचलं का? पहिलं वाक्य वाचलं. ते खरंच होतं. दुसऱ्या वाक्यापर्यंत जायच्या आधी तलाठ्यानं बोटानं सहीची जागा दाखवली, आणि दामूनं 'मू'चा उकार असा काही झोकला की साहेबसुद्धा हसले.

अरे देवा! तो उकार त्याला पुढं किती वर्षं पुरला.

पौष लागला. वलांड्या बोंबलांनी गच्च भरल्या होत्या. त्या दिवसांत पंचायतीच्या कचेरीत भिंतीवर एक निळा कागद लागला. तारापूरच्या कामगारांसाठी नेमलेल्या वसाहत कमिटीचा आराखडा. दोनशे घरं, रांगेत, प्रत्येकाला नंबर. सरपंच कृष्णकांत काठीनं दाखवत होता. हा वाडवळ माणूस, वाड्यांचा मालक, बोलायला गोड. "हे बघा, इथं विहीर, इथं दवाखाना, इथं शाळा. शाळेत आपलीही पोरं जातील. आणि दोनशे घरं म्हणजे रोज दोनशे घरांची भाजी, केळी, मासळी. विचार करा."

"आणि ही जागा कुठली?" किनाऱ्याचा दुसरा मेंबर सुका यानं विचारलं.

"उत्तरेचं मैदान."

मग सुका असा उसळला की त्याला धरून बसवावं लागलं. कृष्णकांत म्हणाला, "अरे, सरकारदरबारी ती पडीक आहे. पंचनामाही झालाय, जागा मोकळी म्हणून." तो दामूकडे बघून बोलला नाही. माणूस सभ्य होता.

आराखड्याला पंचायतीचा ठराव लागणार होता. मेंबर सात. कृष्णकांत आणि वाड्यांमधले दोघं, हे तीन बाजूनं. सुका, किनाऱ्याचा आणखी एक जण आणि पाड्यावरचा बुधा, हे तीन विरोधात. बुधा गावाला बांबू पुरवायचा. वलांड्या गेल्या की त्याचे बांबू कोण घेणार? राहिला सातवा. दामू.

त्याच दुपारी मैनाबाई जाळ्याच्या ढिगापाशी येऊन उभी राहिली. मागं आठ-दहा बायका. हातांना बोंबलांचा चिकटा तसाच.

"दामू, ऐकतंय काय? त्या कागदावाल्यांना सांगून टाक. म्हणावं, आमी माल कुठं सुकवू? तुमच्या डोक्यावर?"

बायका हसल्या.

"सांगतो, मोठी बाय."

"सांगतो नाय. नीट सांग. तू शिकलेला हाईस, तू सही करतोस. आमी काय, आमी नुसत्या ओरडणार."

सही! दामूनं मान खाली घातली आणि सुईत दोरा ओवू लागला. दोरा काही जाईना. पंचनाम्याचं त्यानं बहिणीला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं, आणि न विचारता सांगायचं धैर्य त्याच्यात नव्हतं. खरं बोलणारा माणूस धीटच असतो असं थोडंच आहे!

आता इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, यात कसली अडचण? जागा आपल्या लोकांची, हात विरोधात वर करायचा नि मोकळं व्हायचं. पण मंदा होती ना.

मंदाचा नवरा प्रताप मुरबे गावचा. मासेमारीच्या घरातला, पण त्याचा जीव यंत्रात. तारापूरच्या बांधकामावर त्याला जोडारीचं, म्हणजे फिटरचं काम मिळालं. मुरब्याहून रोजचं येणं-जाणं जमेना, म्हणून सालवडच्या कडेला जिथं कामगारांच्या झोपड्या पडल्या होत्या तिथं त्यानंही एक उभी केली. तरटाच्या भिंती, वर डांबरी कागद. दामूनं शंभरदा सांगितलं, अरे बाबा, माझं घर रिकामं पडलंय, येऊन राहा. प्रताप म्हणायचा, "मामा, राग मानू नका. घरजावई म्हणवून घेऊन मी कामावर जाणार नाय." पोरगा मानी होता. मानाचं एक बरं असतं, ते पावसात भिजत नाही. लेकरू भिजतं. मंदाचं पहिलं लेकरू, तीन महिन्यांचा मुलगा, सव्वा वर्षापूर्वीच्या भादव्यात त्या झोपडीत तापानं गेला. आणि आता ती पुन्हा आठव्या महिन्यात होती.

सभेच्या दोन दिवस आधी दामू सालवडला गेला. मंदा चुलीपाशी बसली होती, पोट सांभाळत. शेजारची रंभाबाई पाणी घेऊन आली. ही परभणीकडची, नवरा नागोराव खडी फोडायला. पाणी म्हणजे काय, मैलावरच्या विहिरीचं, आणि तेही गढूळ.

"बसा आण्णा," रंभाबाई म्हणाली. "तुमच्या पोरीला म्या उचलू देत न्हाई घागर. पर मला तरी किती होतंया? माझीबी चार हाईत. तुमच्या गावात घरं व्हनार म्हनं? नळ असंल का हो?"

"आराखड्यात दाखवलाय."

"नळ!" रंभाबाई तो शब्द तोंडात घोळवत राहिली. "नळ असला तर म्या काय मागत न्हाई दुसरं."

प्रताप कामावरून आला. हात न धुताच बोलला, "मामा, यादी लागली. माझं नाव हाय. एकशे चौदा नंबर."

दामूनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला.

"तुमच्या ठरावावर अडलंय म्हणे. तुमी सातवे."

"होय."

"मी काय सांगणार तुमाला? किनाऱ्याचं पोट मलाही ठावं हाय, मी काय घाटावरचा नाय. पण..." त्यानं मंदाकडे बघितलं आणि बोलणं तोडलं.

मंदा बापाला वाटेपर्यंत पोचवायला आली. वाटेत म्हणाली, "बाबा, एकशे चौदा नंबर कुठं येतो मैदानात?"

दामूनं कागद नीट पाहिला होता. "मोठ्या बायच्या वलांडीपाशी. विहिरीच्या अंगाला."

मंदा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. सात वर्षांची असल्यापासून तिनं त्या वलांडीवर बोंबील टांगले होते. "माझ्यासाठी काय करू नका, बाबा," ती म्हणाली. मग थोडं थांबून, अगदी हळू, "पण यंदा पावसात हितं नको वाटतं हो."

पोरीनं असं बोलल्यावर बापानं काय करायचं, सांगा. दामू घरापर्यंत चालत आला तो एकटाच बडबडत. एकदा वाटे, मोठ्या बायच्या पाया पडावं नि सगळं सांगावं. एकदा वाटे, सभेच्या दिवशी ताप आल्याचं सोंग घ्यावं. पण सोंग घेणं म्हणजे खोटं बोलणं, आणि ते त्याला येत नव्हतं.

सभेला साहेब स्वतः आले, तेच छत्रीवाले. खिडकीबाहेर किनाऱ्यावरच्या बायका, सगळ्यांत पुढं मैनाबाई, गजांना धरून. कृष्णकांतनं आराखडा वाचला. सुका पाच मिनिटं ओरडला. मग सगळे दामूकडे बघू लागले.

दामूनं रात्रभर घोकून ठेवलेलं एकच वाक्य होतं. तो उभा राहिला. "साहेब, ती जागा मोकळी नाय."

साहेबांनी पाकिटातून कागद काढला. "ही सही कोणाची?"

"माझी."

"इथं काय लिहिलंय, वाचा बरं."

दामूनं वाचलं. या वेळी दोन्ही वाक्यं.

"मग मेंबर, तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेवाही खरंच बोललो, साहेब. आताही खरंच बोलतो. तेवा मोकळी होती. निजलेली होती ना ती!"

वाड्यांच्या बाजूचा कुणीतरी फिस्सकन हसला. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांना काही कळलं नाही, एवढंच. माणूस वाईट नव्हता, त्याला कागद कळायचा. "निजलेली म्हणजे?"

दामूनं सांगायचा प्रयत्न केला. वैशाख, नारळ, हळदकुंकू, नारळी पुनव. घरात, चुलीपाशी, ज्या गोष्टी सांगायला काही लागत नाही, त्या कचेरीत टेबलासमोर सांगायला लागल्या की वेड्यासारख्या वाटतात. अर्ध्यावर तो थांबला. खिडकीकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा मेंबर, मी तुम्हाला फसवत नाही. जागा सरकारी आहे. तुम्ही ठराव केला नाहीत तरी वरून मंजुरी येईल, दोन महिने उशिरा. फरक एवढाच. ठराव केलात तर मासळी वाळवायला खाडीच्या कडेला दोन एकर मिळतील आणि यादीतल्या स्थानिक कामगारांची नावं राहतील. नाही केलात तर या दोन्ही गोष्टींचं मी काही सांगू शकत नाही."

खाडीच्या कडेला! तिथं भरतीला गुडघाभर चिखल. तिथं बोंबील सुकायचा नाही, कुजायचा. हे त्या खोलीत सातही मेंबरांना ठाऊक होतं.

म्हणजे जागा जाणारच. हात वर केला तरी जाणार, नाही केला तरी जाणार. मग दामूच्या हाताला उरलं काय? एकशे चौदा नंबर. मंदाच्या डोक्यावर एक कौलारू छप्पर, आणि नळ.

"आराखड्याच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत," कृष्णकांत म्हणाला.

तीन हात वर गेले. मग चौथा. दामूनं डावा हात वर केला होता, दोन बोटांचा. का डावा, ते त्यालाही कळलं नाही. ग्रामसेवकानं मोजलं, लिहिलं. बाहेर गजांवरचे हात सुटल्याचा आवाज आला, मग वाळूवरून जाणारी पावलं. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

मैनाबाई आठ दिवस बोलली नाही. भाकरी ठेवायची आणि निघून जायची. नवव्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "मंदासाठी केलंस ना?"

"होय."

"ते मी समजते. तिला मीही वाढवलीय. हात वर केलास, त्याचं मला काय नाय." तिचा आवाज, तो दर्यावर जाणारा आवाज, फुटला. "पण तो शब्द आपला होता, दामू. घरातला. आईनं पोरीला निजवताना बोलावा तसा. तो तू त्यांच्या कागदावर कशाला दिलास?"

ज्यानं विचारलं त्याला दामूनं खरं सांगितलं होतं, बस.

माघात रंभाबाई भल्या सकाळी सालवडहून चालत आली. दारातूनच ओरडली, "आण्णा! पोरगी मोकळी झाली बघा. लेक हाय. दोघीबी सुखरूप!"

दामूला आनंद झाला, खूप झाला, पण तो शब्द ऐकताच त्याच्या डोळ्यांना धार लागली. रंभाबाईला वाटलं, म्हातारा आनंदानं रडतोय. मैनाबाईनं हातातलं काम टाकलं, डिंक-खोबरं पदरात बांधलं आणि रंभाबाईच्या मागोमाग निघाली. जाताना भावाच्या खांद्यावर हात ठेवून गेली. दामूला वाटलं, चला, निदान एक तरी गोष्ट सरळ झाली. छप्पर मिळेल, नात वाढेल, बाय कधीतरी माफ करेल.

चैत्रात वसाहत कमिटीचा कारकून आला. यादीतल्या स्थानिकांची तपासणी. दामूच्या ओटीवरच बसला. पाणी प्याला. मैनाबाई होती, सुका होता, शेजारपाजारची माणसंही जमलेली. कारकुनानं वही उघडली.

"प्रताप, मुक्काम मुरबे. त्याची बायको तुमची मुलगी?"

"माझीच. मंदा."

"तुमचं हे घर स्वतःचं?"

"बापजाद्यांचं."

"घरात माणसं किती?"

"मी, आणि बाजूच्या खोपीत बहीण."

"मग मुलगी-जावयाला इथं राहायला जागा आहे का?"

आता सांगा. चार माणसांत, स्वतःच्या ओटीवर बसून, लेकीला माझ्या घरात जागा नाही असं कुठला बाप म्हणेल? दामूची तर छाती भरून आली. एवढे दिवस कुणी त्याला बापासारखं काही विचारलंच नव्हतं. "हाय म्हणजे काय! लेकीचं घर हाय हे. आज या म्हणावं, आत्ता या म्हणावं. मी वाटच बघतोय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मैनाबाईनंसुद्धा. कारकुनानं लिहिलं आणि वही मिटली.

पंधरा दिवसांनी सुधारलेली यादी लागली. 'गावात राहण्याची सोय असलेले स्थानिक कामगार वगळण्यात आले आहेत.' प्रतापच्या नावावर आडवी रेघ. एकशे चौदा नंबर दुसऱ्याच कुणाला गेला. रंभाबाईच्या नवऱ्याला मात्र घर लागलं, एकशे साठ. ती मंदाच्या गळ्यात पडून रडली. "तुझं काढून मला दिल्यावानी वाटतंया गं," म्हणाली. मंदानंच तिची समजूत घातली.

दामू तालुक्याला गेला, बोयसरला गेला, साहेबांच्या दारात दोन दुपारी बसला. साहेब भेटले तेव्हा म्हणाले, "मेंबर, पण तुम्हीच सांगितलंत ना, जागा आहे म्हणून? खोटं सांगितलंत का?"

"नाय साहेब. खरंच सांगितलं."

"मग?"

मग काय? दामू परत आला.

प्रतापनं शेवटी मंदाला आणि लेकीला माहेरी धाडलं. स्वतः मात्र आला नाही. सालवडच्या झोपडीत एकटा राहू लागला, आठवड्यातून एकदा अंगणात उभा राहून पोरीला बघून जायचा. चहासुद्धा उभ्यानं घ्यायचा. दामूशी बोलणं बंद. मंदा बापाला काही बोलायची नाही. तेच दामूला सहन होत नव्हतं.

वैशाख सरला. मैदानाच्या कडेला खडीचे ढीग पडले होते, चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. वसाहतवाल्यांनी निरोप दिला, बांबू चार दिवसांत हलवा. चार दिवस कशाला, हलवायची वेळच झाली होती.

सगळा किनारा जमला. बुधासुद्धा पाड्यावरून आला होता, त्यानंच दिलेले बांबू उतरवायला. बायकांनी दोऱ्या सोडल्या, पुरुषांनी वासे उपटले. दरवर्षी या कामाला किती आरडाओरडा असायचा, किती चेष्टा. आज नुसता बांबूंचा खडखडाट. दुपार उलटली तेव्हा मैदान रिकामं झालं. मंदा पोरीला खांद्यावर टाकून विहिरीच्या अंगाला उभी होती, चुन्याच्या एका चौकोनात. ते एकशे चौदा होतं की दुसरं काही, कोण जाणे.

मैनाबाईनं वाळूला हळदकुंकू वाहिलं. नारळ हातात घेतला. मग वळून म्हणाली, "दामू, इकडं ये."

तो गेला.

"नारळ मी फोडते. यंदा तू म्हण."

"मोठी बाय, नको."

"तुला येतो तो शब्द. साऱ्या सरकारला सांगितलास. आता तिला सांग."

तिच्या बोलण्यात राग होता का? होता. पण डोळ्यांत पाणीही होतं, आणि तिनं भावाचा तो दोन बोटांचा हात घट्ट धरून ठेवला होता. नारळ फुटला. पाणी वाळूत मुरलं. सगळे दामूच्या तोंडाकडे बघत होते.

"मोकळी झालीस गं बाय," दामू म्हणाला. "नीज आता."

आणि तो अडला. पुढचं वाक्य त्याला पाठ होतं, लहानपणापासून ऐकलेलं. पण ते खरं नव्हतं. समोर खडीचे ढीग होते. नारळी पुनवेला इथं पाया खणलेला असणार, भिंती चढत असणार. दामू तांडेलानं आयुष्यात असलं काही तोंडातून काढलं नव्हतं. मैनाबाई हात सोडत नव्हती. मंदाच्या खांद्यावरची पोर रडू लागली, आणि मंदा तिला थोपटत राहिली.

दामू खाली वाकला. भरल्या घरात आजारी माणसाच्या कानाशी बोलावं तसा वाळूपाशी तोंड नेऊन म्हणाला, "उठवू गं. नारळी पुनवेनंतर उठवू."

मैनाबाईनं खोबऱ्याचे तुकडे केले आणि एकेकाच्या हातावर ठेवले. मग सगळ्यांनी बांबू खांद्यावर घेतले आणि खाडीच्या वाटेला लागले.